डोनर एगने झालेलं बाळ ‘माझंच’ वाटायला वेळ लागतोय, त्याबद्दल

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज परत शांतपणे वाचला. तुम्ही लिहिलंय की वय ४१, स्वतःच्या एग्जने चार वेळा आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचा उपचार) फेल गेलं, मग डोनर एग, म्हणजे दुसऱ्या बाईचं स्त्रीबीज, घेतलं, सिझर झालं, आता मुलगी नऊ आठवड्यांची आहे आणि तब्येतीने छान आहे. पण तुम्हाला सारखं वाटतं की आपण कुणाचं तरी बाळ सांभाळतोय. नवऱ्याच्या खांद्यावर ती पटकन शांत झाली की पोटात खड्डा पडतो, कारण त्याचं तिच्याशी रक्ताचं नातं आहे. दूध पाजताना त्या डोनर बाईचा विचार येतो. आणि शेवटी विचारलंय, जीन्स माझे नाहीत म्हणून बॉन्ड होणारच नाही का, आणि हे सगळं तिला कळत असेल का.

मी १७ वर्षं फर्टिलिटी पेशंट्सची काउन्सेलर म्हणून काम करतेय, आणि डोनर एग घेतलेल्या बायका मला उपचाराआधी, प्रेग्नन्सीत आणि बाळ झाल्यावर अशा तिन्ही टप्प्यांवर भेटतात. त्यामुळे आधी सरळ उत्तर देते. निव्वळ जीन्स नाहीत म्हणून आई आणि बाळाचं जुळलंच नाही, असं मी आजपर्यंत एकदाही पाहिलेलं नाही. जिथे अडकलं तिथे अडकायचं कारण दुसरंच निघालं. पण "काही फरक नसतो गं, तू उगाच विचार करतेस" असंही मी म्हणणार नाही, कारण ते तुम्हाला दहा जणांनी सांगून झालं असेल आणि त्याने तुम्ही अजूनच एकट्या पडला असाल. फरक असतो, फक्त तो कुठे असतो ते नीट बघायला लागतं.

तुमच्या प्रश्नात मला तीन वेगळ्या गोष्टी एकात एक गुंतलेल्या दिसतायत. एक म्हणजे पहिल्या काही आठवड्यांत बाळाबद्दल जे वाटायला हवं असं आपल्याला सांगितलेलं असतं ते न वाटणं. दुसरी म्हणजे स्वतःच्या एग्जने मूल झालं नाही त्याचं दुःख, जे तुम्ही अजून कुणापुढे काढलेलंच नाहीये असं वाटतं. आणि तिसरी तुमची स्वतःची तब्येत, तिच्याबद्दल तुम्ही एकच ओझरतं वाक्य लिहिलंय आणि मला सगळ्यात जास्त तेच टोचलं, त्यावर येतेच. या तिन्ही गोष्टी तुम्ही ‘जीन्स’ या एका खुंटीला टांगून ठेवल्यायत. ते साहजिक आहे, तुमच्याकडे कारण तयारच आहे ना. स्वतःच्या एग्जने बाळ झालेल्या बाईला असंच वाटलं तर ती म्हणते मी दमलेय, सिझरचं दुखतंय, बाळ फार रडतं. तुम्हाला तेच वाटलं की तुम्ही म्हणता, ती माझी नाहीये म्हणून.

आणि हे स्वतःच्या एग्जने बाळ झालेल्या बायकांनाही किती होतं त्याचा आकडा आहे. १९८० मधे ब्रिटनमधल्या रॉबसन आणि कुमार या दोघांनी बाळंत झालेल्या बायकांना विचारलं की बाळ पहिल्यांदा हातात घेतल्यावर काय वाटलं. पहिलटकरणींपैकी सुमारे ४० टक्के जणींनी सांगितलं की फारसं काहीच वाटलं नाही, कोरडंच वाटलं. आणि ही त्यांची ‘रक्ताची’ बाळं होती. बहुतेकींना माया नंतर वाटायला लागली, कुणाला दोन दिवसांत, कुणाला त्याहून उशिरा. बाळंतपण फार वेदनेचं झालेल्यांमधे हा कोरडेपणा जास्त होता. बाळ हातात आलं की लगेच काहीतरी उसळून यायला हवं ही कल्पना डोक्यात इतकी घट्ट बसलीये, याला एक कारण म्हणजे १९७० च्या दशकात क्लाउस आणि केनेल या डॉक्टरांनी जन्मानंतरचे पहिले काही तास फार निर्णायक असतात असं मांडलं होतं. त्याचा एक फायदा झाला, हॉस्पिटलं बाळाला आईजवळ ठेवायला लागली. पण ते तास हुकले तर कायमचं हुकलं, हे काही टिकलं नाही, पुढे त्या दोघांनी स्वतःच तो सूर सौम्य केला. सिझरमुळे तुम्हाला मुलगी उशिरा मिळाली असं तुम्ही लिहिलंय, तर त्याचं ओझं प्लीज उतरवून ठेवा.

आता तुमचे हे नऊ आठवडे म्हणजे नक्की काय होते ते बघूया. बाळाचं रडणं जन्मापासून वाढत जातं आणि साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, मग हळूहळू उतरतं. आपल्याकडे बघून, आपल्यासाठी हसणं सहा ते आठ आठवड्यांत सुरू होतं, काहींचं अजून थोडं पुढे. म्हणजे आत्तापर्यंत तुम्ही दिवसरात्र देतच होतात आणि तिकडून फक्त रडणं येत होतं. या काळात कुठल्याही आईला वाटतं की मी हिच्यासाठी कुणीच नाहीये. तुमच्या डोक्यात मात्र त्या रडण्याचा अर्थ लावणारा आवाज आधीच बसलेला होता.

"तिला कळत असेल का" याचं उत्तर मला मनापासून द्यायचंय, कारण माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक आईच्या मनात हा प्रश्न असतो. तिला जीन्स कळत नाहीत. तिला कळतो आवाज, वास, धरायची पद्धत, चालायची लय. १९८० मधेच डिकॅस्पर आणि फायफर यांनी एक सुंदर प्रयोग केला होता. तीन दिवसांपेक्षा लहान बाळांच्या तोंडात निपल द्यायचं, एका लयीत चोखलं तर आईचा रेकॉर्ड केलेला आवाज लागणार, दुसऱ्या लयीत चोखलं तर परक्या बाईचा. आईचा आवाज लागावा म्हणून ती एवढीशी बाळं आपली चोखायची लय बदलत होती. तुमच्या मुलीने पोटातले शेवटचे तीन-एक महिने कुणाचा आवाज ऐकला? डोनर बाईच्या पोटात ती एक दिवसही राहिलेली नाही. तुमचा ऐकलाय, तुम्ही फोनवर बोलताना, कुणाशी भांडताना, जिना चढून धापा टाकताना. जन्माला आली तेव्हा तिच्या ओळखीचं माणूस या जगात एकच होतं. म्हणजे तिच्या बाजूने ओळख केव्हाच झालीये, तुम्हाला ती अजून पटायचीये.

इथे एक बाजूचा मुद्दा. तुम्ही एपिजेनेटिक्सबद्दल, म्हणजे जीन्स तेच राहून त्यांचं काम कसं चालू-बंद होतं त्याबद्दल, वाचलंय आणि "म्हणजे ती थोडी तरी माझी ना?" असं विचारलंय. २०१५ मधे स्पेनमधल्या वॅलेन्सियाच्या टीमने दाखवलं की गर्भाशयाच्या अस्तरातून निघणारे आरएनएचे (जीन्सच्या कामावर परिणाम करणाऱ्या रेणूंचे) बारीक तुकडे भ्रूण आत घेतं आणि त्याने भ्रूणातल्या काही जीन्सच्या कामात फरक पडतो. बाळाच्या पेशी प्रेग्नन्सीत आईच्या रक्तात जातात आणि कितीतरी वर्षं राहू शकतात हेही १९९० च्या दशकापासून माहितीये. हे सगळं खरं आहे आणि वाचून बरं वाटत असेल तर जरूर वाटू द्या. पण त्याने नाक-डोळे तुमच्यासारखे होणार नाहीत, आणि मुख्य म्हणजे ज्या बायका यालाच धरून बसतात त्या कायम पुरावे गोळा करत राहतात. आज हा पुरावा, उद्या कुणी तो खोडला की परत पहिले पाढे पंचावन्न. तुम्ही तिला पोटात वाढवलीत, त्यात तुमचं बीपी, तुमची हाडं, तुमची झोप गेली. आईपणासाठी यावर लॅबचा शिक्का कशाला हवा.

मग फरक आहे म्हणाले तो कुठला? केंब्रिजमधल्या सुझन इमरी, वसंती जाधवा आणि सुझन गोलोम्बोक यांनी डोनर एगने झालेल्या ८५ कुटुंबांची तुलना स्वतःच्या एग्जने आयव्हीएफ केलेल्या ६५ कुटुंबांशी केली, बाळं सहा ते अठरा महिन्यांची होती. आई आणि बाळ खेळताना व्हिडिओ काढून बारकाईने बघितलं. दोन्हीकडे नातं चांगलं होतं, पण डोनर एगच्या आया बाळाच्या इशाऱ्यांना थोड्या कमी सहजपणे प्रतिसाद देत होत्या, बाळंही आईला खेळात थोडी कमी ओढत होती. फरक बारीक होता, आजार म्हणावा असा नव्हता. असं का, याबद्दल माझं स्वतःचं मत सांगते, हे मत आहे, सिद्ध झालेलं नाही. मला तो बिचकण्याचा फरक वाटतो. या आया हात पुढे करताना क्षणभर थांबतात. आपल्याला हक्क आहे का, आपण नीट करतोय का, बाळ आपल्याला नाकारेल का, असा एक क्षण मधे जातो. माझ्या खोलीत मी तो क्षण खूपदा बघितलाय. आणि त्याच टीमने आयांशी बोलून जे लिहून ठेवलंय तेही माझ्या अनुभवाशी जुळतं, की काहींना पहिल्या दिवसापासून माझं बाळ असं वाटलं, काहींना महिने लागले, पण वर्षाच्या आसपास बहुतेकजणी ठामपणे ‘माझं’ म्हणत होत्या, आणि डोनरचा विचारही तोवर मागे पडला होता. तेव्हा पाजताना ती बाई आठवली तर तो विचार ढकलू नका. आला, गेला, एवढंच.

एक आई सांगते, ओळख पटणार नाही इतके तपशील बदललेत. बाळ अकरा आठवड्यांचं, ती माझ्यासमोर उभी राहून रडत सांगत होती की मला आई असल्यासारखं काहीच होत नाही, मी फक्त ड्युटी करते. बाळ तेव्हा नवऱ्याच्या मांडीवर झोपलेलं, तिच्या हातात नुसता बाळाचा दुपट्टा होता. आणि बोलताना पूर्ण वेळ ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होती. बाळ हातात नसताना. मी तिला थांबवून म्हटलं, तुम्ही आत्ता काय करताय बघा. तिने खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि गप्पच झाली. तिच्या अंगाला ते बाळ लागलेलं होतं, डोक्यापर्यंत पोचायला अजून दोनेक महिने गेले. तुम्हीही लिहिलंय की ती शिंकली तरी दुसऱ्या खोलीतून तुम्हाला ऐकू येतं आणि तिच्या भुकेचं रडणं वेगळं ओळखता येतं. हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय, दमल्याचा पुरावा म्हणून. मला ते वेगळं काहीतरी दिसलं.

आता नवऱ्याचा मुद्दा, कारण इथे रोज एक चक्र फिरतंय आणि ते थांबवता येतं. ती रडते, तुम्हाला वाटतं मी नकोय तिला, अंग ताठ होतं, दोन मिनिटांत तुम्ही तिला त्याच्याकडे देता, तो निवांत असतो, खांद्यावर टाकतो, ती शांत होते, आणि तुमचं म्हणणं सिद्ध होतं. शिवाय शांत करायची प्रॅक्टिस त्याची वाढत जाते, तुमची कमी होत जाते. यात रक्ताचा काहीच संबंध नाही, सैल खांदा आणि सवय एवढंच आहे, तिची मावशी किंवा दाईसुद्धा तिला असंच शांत करू शकेल. तर नवऱ्याला सांगा की ती रडली की त्याने बाळ घ्यायचं नाही, तुमच्या शेजारी येऊन बसायचं. तुमच्या पाठीवर हात ठेवायचा, पाणी द्यायचं, पण बाळ तुमच्याकडेच राहील. ती दहा मिनिटं रडली तरी चालेल, तुमच्या कुशीत रडणं म्हणजे एकटं रडणं नाही. फक्त तुमचाच संयम सुटतोय, राग अंगात येतोय असं वाटलं तर मात्र लगेच त्याच्याकडे द्या किंवा सुरक्षित जागी ठेवून बाजूला व्हा, तिथे हट्ट नको.

आणि दिवसातलं एक काम पूर्ण तुमचं करा, अंघोळ म्हणा किंवा रात्रीचं झोपवणं म्हणा, ज्यात दुसरं कुणी हात घालणार नाही. या वयात तिला वीस-तीस सेंटीमीटरवरचं नीट दिसतं, म्हणजे पाजताना तुमचा चेहरा जिथे असतो बरोबर तिथलं. तेव्हा मोबाइल लांब ठेवून तिच्याकडे बघा, ती जे आवाज काढते तेच परत काढा, ती मान फिरवेल तेव्हा थांबा, तिला ब्रेक हवा असतो, तुमचा कंटाळा आलेला नसतो. हे सारखं चुकणार. एडवर्ड ट्रॉनिक या संशोधकाने आया आणि बाळांचे व्हिडिओ क्षणाक्षणाने बघितले तेव्हा चांगलं जुळलेल्या जोड्यासुद्धा थोडाच वेळ, साधारण ३० टक्के, एकमेकांच्या सुरात असायच्या. उरलेला वेळ सूर चुकणं आणि परत लावणं यातच जातो, आणि बाळाचा विश्वास त्या परत लावण्यातून तयार होतो.

दुःखाबद्दल. चार फेल सायकल्सनंतर तुम्ही डोनर एगचा निर्णय किती दिवसांत घेतला? बहुतेकजणींना क्लिनिकमधे घाईने घ्यायला लागतो, आणि मग लगेच इंजेक्शनं, भ्रूण गर्भाशयात सोडणं (ट्रान्सफर), पॉझिटिव्ह रिपोर्ट, आनंद, त्यामुळे रडायला जागाच मिळत नाही. आणि बाळ झाल्यावर तर रडणं म्हणजे कृतघ्नपणा वाटतो. आपल्या आईचे डोळे हिच्यात येणार नाहीत याचं वाईट वाटणं आणि हिच्यावर प्रेम असणं, एकाच बाईच्या मनात, एकाच दुपारी, दोन्ही असू शकतं. हे दुःख बोला, नवऱ्याशी किंवा माझ्यासारख्या कुणाशी, पण बाळाला मांडीवर घेऊन नको, वेगळा वेळ काढून. जिला हे बोलायला मिळालं तिचं बाळाशी लवकर जुळलं, हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

लोकांचं "कोणावर गेलीये गं?" हे प्रत्येक वेळी कापत जातं, माहितीये. एक वाक्य आधीच ठरवून ठेवा, खोटं नसलेलं. माझ्या एका पेशंटचं होतं, "आम्ही रोज बघतोय, रोज वेगळी दिसते." तेवढ्याने विषय संपतो, आणि खोटं बोललो याचा सल राहत नाही.

मुलीला सांगायचं की नाही हे तुम्ही ‘पुढचं पुढे’ म्हणून सोडलंय. मला वाटतं ते बॉन्डशी आत्ताच जोडलेलं आहे, कारण जी गोष्ट कधीतरी फुटेल अशी भीती वाटते ती जवळ जाऊ देत नाही. गोलोम्बोक यांच्या टीमने डोनर आणि सरोगसीने झालेल्या मुलांना बाळपणापासून वयाच्या विशीपर्यंत फॉलो केलं, ते निष्कर्ष २०२३ मधे आले. मुलांचं मानसिक स्वास्थ्य आणि घरातली नाती इतर कुटुंबांसारखीच निघाली, आणि ज्यांना सात वर्षांच्या आत सांगितलं होतं त्यांचं आईशी जास्त चांगलं होतं. आता घरबसल्या डीएनए टेस्ट होतात, कायमचं लपवणं तसंही अवघड झालंय. तर आत्तापासून डायपर बदलताना तिला सांगा, "तू यावीस म्हणून एका बाईने आम्हाला मदत केली." तिला शब्द कळणार नाहीत, पण तुमच्या तोंडाला वाक्याची सवय होईल आणि ती तीन-चार वर्षांची होईल तेव्हा तुमचा आवाज कापणार नाही. डोनर ओळखीची आहे की अनोळखी, घरात कुणाकुणाला माहितीये, तुमच्या देशात मुलाला मोठेपणी डोनरची माहिती मिळते की नाही, यावर शब्द बदलतील. ते तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून इथे जास्त खोलात जात नाही.

आणि आता ते ओझरतं वाक्य. "ती झोपली, आई तिच्याजवळ बसली तरी मला झोप लागत नाही, पहाटे चारला छातीत धडधडत जाग येते." ताई, हा बॉन्डचा प्रश्न नाहीये. बाळ झोपलंय, दुसरं माणूस जागं आहे आणि तरी झोप येत नाही, ही बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनची किंवा अँग्झायटीची खूण असू शकते, आणि ते असेल तर कुठल्याही आईला बाळाबद्दलची माया जाणवणं अवघड होऊ शकतं, आतलं सगळं बधिर झाल्यासारखं वाटू शकतं. डोनर एगच्या प्रेग्नन्सीत बीपी वाढण्याचा, प्रीएक्लॅम्पसियाचा (प्रेग्नन्सीत बीपी वाढून इतर अवयवांवर ताण येण्याचा) धोका जास्त असतो, सिझरही जास्त होतात, तुमचं दोन्ही झालंय, म्हणजे शरीर आधीच पिळून निघालंय. या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. एडिनबरा स्केल म्हणून दहा प्रश्नांची एक साधी प्रश्नावली असते, पाच मिनिटांत भरून होते, ती मागून घ्या आणि खरी भरा, चांगली आई दिसण्यासाठी नको. सोबत थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं तरी अशीच धडधड होते. औषध लागलं तर स्तनपान चालू ठेवून घेता येणारी औषधं आहेत, त्या भीतीने टाळू नका. आणि स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटलं, अगदी क्षणभर जरी, तर आठवड्याची वाट बघू नका, त्याच क्षणी घरच्यांना उठवा आणि दवाखान्यात जा.

म्हणजे क्रम असा ठेवा, आधी डॉक्टर आणि झोप, मग नवऱ्याशी ते बाळ न घेण्याचं बोलणं, मग ते एक काम स्वतःकडे घेणं. डीएनए, सांगणं, लोक, हे सगळं त्यानंतर. डॉक्टर काय म्हणाले ते इथे लिहा, आणि ती झोप दिवसात किती तास लागतेय तेही, मी बघत असते.